शिळेखालची वाळू

वाळूच्या कणाला शेवटचा सूर्यप्रकाश कधी दिसला, हे मोजता येते. कण जमिनीखाली गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्साराची ऊर्जा त्याच्यात थोडीथोडी साठत जाते. उजेड लागला की ती सगळी निघून जाते आणि मोजणी शून्यावर येते. म्हणून आमची प्रयोगशाळा काळोखी होती. दाराला दुहेरी काळा पडदा, आत एक मंद तांबडा दिवा. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, माझी बहुतेक वर्षे त्या दिव्याखाली गेली.

माझी रूममेट पुण्याची, केमिकल इंजिनिअरिंगची. संध्याकाळी घरातला पहिला दिवा लागला की ती हात जोडते, मग ती स्वयंपाकघरातली ट्यूब का असेना. ट्यूबलाइटला नमस्कार करून विजेचे बिल कमी होत नाही, असे मी तिला एकदा ऐकवले होते.

“तुझ्या लॅबमध्ये बारा महिने अमावास्या,” ती म्हणाली. “तू तर बोलूच नको यार.”

ज्या वाळूसाठी ही अमावास्या पाळायची, ती डेन्मार्कच्या एका लहान बेटावरून आणलेली होती. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मार्गदर्शक बाई आणि मी तिथे काही आठवडे राहिलो. बेट सपाट, वारा अखंड. सातूच्या शेतांत मधेच गवताळ उंचवटे दिसतात. प्रत्येकाच्या पोटात अश्मयुगीन शेतकऱ्यांनी प्रचंड शिळा रचून केलेले थडगे. शेतकरी ट्रॅक्टर उंचवट्याला वळसा घालून नेतो आणि पुन्हा आपल्या रेषेवर येतो. आत जायला एक बुटका दगडी बोगदा असतो. त्यातून कोपरांवर सरकत गेले की उकिडवे बसता येईल एवढी खोली लागते. डोक्यावर एकसंध शिळा, भिंतीतल्या फटींत गारगोटीचा चुरा ठासलेला. चाचपल्यावर तो अजूनही घट्ट लागतो.

काम नसेल तेव्हा मी भाड्याच्या सायकलवर एका स्मारकाकडून दुसऱ्याकडे जात असे. एका पांढऱ्या चर्चच्या पायाच्या भिंतीत थडग्याची शिळा बसवलेली होती. नव्या देवाला जुन्यांचा दगड चालला होता. एका उंचवट्यावरच्या शिळेवर वाटीएवढे खळगे कोरलेले होते. त्यांत बोट फिरवताना मला नागपूरबाहेरची शिळावर्तुळे आठवली. शाळेच्या सहलीत आम्ही त्या दगडांवर बसून डबे खाल्ले होते, आणि त्यांवरही असेच खळगे होते. दोन्ही संस्कृतींचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण ही पद्धत तिथेही लावता येईल, हे त्या क्षणी मला स्पष्ट दिसले. आधी हे बेट, मग विदर्भ: माझे पुढचे आयुष्य त्या शिळेवर मी आखून टाकले.

तिथल्या संग्रहालयाने एकाच थडग्यातल्या एकाच शिळेखाली, एकदाच नळ्या ठोकण्याची परवानगी दिली होती. आम्ही काळी ताडपत्री अंगावर ओढून पोलादी नळ्या वाळूत ठोकल्या, बाहेर काढल्या, दोन्ही टोके बंद केली. मग छिद्र भरून टाकले. थडगे नक्की केव्हा रचले गेले, याचे उत्तर आता फक्त त्या नळ्यांत होते.

या वसंतात अनुदान थांबले. बाईंनी मला खोलीत बोलावून ईमेल वाचून दाखवला, शांतपणे, जणू कोणा तिसऱ्याविषयी आहे. मोजणीचे यंत्र जाणार होते, खोली दुसऱ्या गटाला मिळणार होती. मला विषय बदलून पदवी पूर्ण करता येईल, असे त्या म्हणाल्या. मी माहितीतल्या सगळ्या प्रयोगशाळांना लिहिले. काहींनी उत्तर दिले नाही. काहींनी कळवले की त्यांचीही यंत्रे बंद होत आहेत. संग्रहालयाने अतिशय सौजन्याने लिहिले की नमुने काळोखात ठेवण्याची सोय त्यांच्याकडे नाही. नमुने वाचवता येणार नाहीत, या युक्तिवादातली एखादी सुटलेली कडी मी शोधत राहिले. कडी सुटलेली नव्हती.

नळ्या विभागाच्या मालकीच्या असल्याने रिकाम्या करून परत द्यायच्या होत्या. शुक्रवारी दुपारी रूममेट मदतीला आली. मी पडदे नीट ओढले, तांबडा दिवा लावला, पहिली नळी उघडली आणि वाळू सवयीप्रमाणे ट्रेमध्ये काढू लागले: उजेड लागलेली टोके वेगळी, मधला शुद्ध भाग वेगळा. ती रिकामी बादली घेऊन शेजारी उभी होती.

“अगं, हे सगळं फेकायचंच आहे ना?” ती शेवटी म्हणाली. “मग लाइट लावला तर काय होईल?”

काहीही होणार नव्हते.

पांढऱ्या दिव्याचे बटण दाराजवळ होते. त्यावर चिकटपट्टी लावून ठेवलेली, चुकून कोणाचा हात पडू नये म्हणून. ती नखाने खरवडून काढावी लागली. मी बटण दाबले.

रूममेटचे हात आपोआप जुळून कपाळाकडे निघाले. अर्ध्यावर तिच्या लक्षात आले आणि तिने ते खाली घेतले.

“सॉरी,” ती म्हणाली.

तांबड्या दिव्याखाली सगळेच कण एका रंगाचे दिसतात, म्हणून त्या वाळूचा खरा रंग मी तेव्हा प्रथम पाहिला. फिकट पिवळसर. कुठल्याही बांधकामावर ढीग पडलेला असतो, तशी. मधला शुद्ध भाग मी टोकांच्या वाळूत मिसळला, ट्रे बादलीत उपडा केला आणि दुसरी नळी उघडली. बादली भरल्यावर एकटीला उचलवेना. दोघींनी कडी धरून ती इमारतीच्या मागच्या दारापर्यंत नेली. बाहेर लख्ख ऊन होते.