साहेब गेले, कुत्री राहिली

कुत्रं मागायला कोणी आलं की गंगाराम ड्रेसर आधी त्याच्या हातांकडे बघायचे आणि मग विचारायचे, "पाणी कुठून भरतो?" नाव-गाव नंतर. ज्याला या प्रश्नाचं सरळ उत्तर देता यायचं नाही, त्याच्याशी ते पुढं बोलतच नसत. पाठ फिरवून एखाद्या बैलाच्या खांद्याला मलम लावायला लागत.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, भाड्याचे बंगले. साहेबांबरोबर त्यांची कुत्रीही आली. बदलीचा हुकूम आला की सामान ट्रकमध्ये चढायचं आणि कुत्रं फाटकाशी राहायचं. त्यात दुष्काळ. नळाला कधीतरी पाणी यायचं, बाकी टँकरची वाट. असली बेवारस कुत्री लोक जनावरांच्या दवाखान्यात आणून बांधत. तिथं मलमपट्टीच्या कामावर असलेले गंगाराम त्यांना दवाखान्यामागच्या पत्र्याच्या आडोशाला ठेवत आणि घरच्या भाकरीतली भाकरी घालत. कुत्रं फुकट द्यायचे, पण त्यांची एक रीत होती. मागणाऱ्यानं आठ दिवस स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातली रोज एक घागर तिथं आणून ओतायची. "आठ दिस ज्याला जड गेलं, त्याला बारा वर्सं कशी झेपतील?" असं म्हणायचे.

मी एम.कॉम.ला होतो. चाकूरला वडिलांची आडत होती आणि लातुरात माझी भाड्याची खोली, वर पत्रा. एका इंजिनिअर साहेबांनी मागं सोडलेला सीझर नावाचा अल्सेशियन मी दवाखान्यात पाहिला आणि तो मला हवासा झाला. कुत्र्यावर माझं प्रेम होतं असं लिहिलं तर खोटं होईल. कॉलेजच्या रस्त्यावरून त्याला साखळीनं धरून चालायचं, एवढंच डोक्यात होतं.

"गंगाराम, हा मला दे," मी म्हणालो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी मी अरेतुरे करत होतो. आमच्या गावात त्यांच्या वस्तीतल्या माणसाला आमच्या घरातलं शेंबडं पोरही तसंच बोलायचं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्यांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, "पाणी कुठून भरतो, अप्पा?"

"टँकरवर. दोन घागरी मिळतात."

"अन् खोली?"

"पत्र्याची आहे. पण हवेशीर."

"शिजर तुमच्यासाठी न्हाई. ह्याच्या अंगावर दुहेरी केस हाय. पत्र्याखाली भाजून निघंल. दोन घागरीतली एक तर त्यालाच लागंल." मग त्यांनी एकेक कुत्रं मला दाखवलं, दुकानदार कापड दाखवतो तसं. "ही पांढरी पामेरियन, तिचंबी तेच. ही पश्मी, शिकारीची जात, तुमच्या चाकूरकडचीच. हिला पळायला रान पाह्यजे, खोलीत कोंडली तर येडी व्हईल. तुम्हाला ही पिवळी बरी. गावठी हाय, उन्हाची सवय हाय, उरलंसुरलं खाती. तुम्ही अभ्यास करून राहिले तर पायाशी गप पडंल."

पिवळीचा एक कान फाटलेला होता. ती माझ्याकडं बघून शेपूट हलवत होती.

"मी काय गावठी कुत्रं घेऊन फिरू?"

"कामून? तुम्ही काय इलायती हाव?"

बरोबरचे दोन मित्र हसले. मला राग आला, पण मी हट्ट सोडला नाही. आठ दिवस पाणी आणतो म्हणालो. शेवटी ते कबूल झाले. "आणा. खोलीचं मग बघू. पावसापोत्तर मी हितंच सांभाळीन त्याला."

पहिले तीन दिवस मी इमानानं घागर आणली. चौथ्या दिवशी टँकर आला नाही. मी रिकामी घागर घेऊन आलो आणि दवाखान्याच्या हौदात बुडवून तीच कुत्र्यांच्या टाक्यात ओतली. गंगाराम दारात उभे होते. चारा-छावणीतली जनावरं घेऊन आलेले शेतकरी होते, माझे मित्रही होते.

"अप्पा, घागर ठिवा खाली. ह्या हौदातलं पाणी आजारी जनावराचं हाय. टँकर आला न्हाई हे सांगायचं होतं. मी काय फाशी देणार हुतो?" आवाज चढवला नव्हता त्यांनी. "तहानेल्या जनावराचं पाणी उचलणाऱ्याला मी कुत्रं देत नसतो. पिवळीबी न्हाई. या आता."

खोलीवर येईपर्यंत माझे कान जळत होते. चूक माझी होती हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या माणसानं मला, आमच्या घरातल्या मुलाला, चारचौघांत हाकलावं, हे गिळता येईना. वहीतला कागद फाडला आणि डाव्या हातानं निनावी अर्ज लिहिला. दवाखान्यातला ड्रेसर साहेब लोकांची कुत्री विकतो, सरकारी औषधं बाहेर देतो, हौदातलं पाणी पैसे घेऊन सोडतो. हौदाचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं. अर्ज त्यांच्या वरच्या कचेरीत टाकला आणि एक नक्कल चहाच्या हॉटेलात बाकावर विसरल्यासारखी ठेवून आलो.

चौकशी झाली म्हणतात. मला कोणी काही विचारलं नाही. महिन्याच्या आत गंगारामांची किनवटला, जंगलात बदली झाली. हॉटेलात लोक म्हणू लागले, "दिसायला साधा, पण पक्का चोर निघाला." मी तिथंच बसून चहा पीत होतो. मान हलवली होती मी.

ते गेल्यावर झाडूवाल्यानं कुत्री सोडून दिली. पिवळी काही दिवस फाटकाशी बसून होती, पुढं दिसली नाही. सीझर मी आणला. रस्त्यावरून मिरवलादेखील, दोन संध्याकाळी. मग तो चालेना. दिवसभर जीभ बाहेर टाकून फरशीला पोट लावून पडायचा. परीक्षेच्या एका दिवशी शेजारी ओरडतात म्हणून त्याला आत कोंडून, बाहेरून कडी लावून गेलो. दुपारी आलो तर पाण्याचं भांडं उपडं होतं आणि दाराच्या लाकडावर नखांचे ओरखडे होते. सीझर दाराशीच मरून पडला होता. अकरावा दिवस होता. गल्लीत मी सांगितलं, "गंगारामनं आजारीच ठेवला होता त्याला." लोकांना ते लगेच पटलं.

नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर, पंधरा वर्षांनी मी किनवटला गेलो. ते निवृत्त झाले होते. घरासमोर बाजेवर बसून एका शेळीचे खूर कापत होते. मी पहिल्यांदाच त्यांना "काका" म्हणालो आणि सगळं सांगितलं. अर्ज, नक्कल, सीझरला नेलं ते, सगळं. त्यांनी मान वर केली नाही.

"शिजर किती दिस जगला?"

"अकरा दिवस."

"कशानं?"

मी सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"अर्ज तुपलाच हुता, हे मला तवाच ठावं हुतं. हौदाचं दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं," ते म्हणाले. "बदलीचं मला काय न्हाई. हितं झाडं हायत, पाणी हाय. पण माझ्या पोरीचं लातुरात जमत आलेलं लगीन मोडलं. चोराची पोरगी म्हणले."

मी हात जोडले. म्हणालो, "माफ करा."

"न्हाई करणार." शेळी सोडून ते उभे राहिले. "माझ्यापाशी सांगून तू हलका व्हायला आलास. मला कशाला सांगतोस, मला तर ठावंच हाय. ज्या लोकांत मला चोर केलास, त्या लोकांत जाऊन सांग. न्हाई जमत तर पुन्हा हितं येऊ नको." आत गेले आणि दार लावून घेतलं. चहाचं विचारलं नाही, ते बरंच केलं.

मी लातूरला परत आलो आणि कोणालाही काही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तेव्हा मी बँकेत साहेब झालो होतो. आणखी बारा वर्षं गेली. या उन्हाळ्यात किनवटच्या एका शिक्षकाकडून कळलं, की गंगाराम ड्रेसर वारले. शेवटपर्यंत दारात तीन-चार कुत्री असायची म्हणे.

लातुरात त्यांना ओळखणारे अजून काही जण आहेत. त्यांच्यासाठी लिहितो. गंगाराम ड्रेसरनी एकही कुत्रं विकलं नाही. औषधाची एक बाटली बाहेर दिली नाही. हौदातलं पाणी चोरलं ते मी, आणि तो अर्जही माझाच. त्यांनी सांगितलं तेव्हाच हे लिहिलं असतं, तर त्यांना वाचता आलं असतं.