बाबांचा बारमाही उपवास

आमच्याकडे बिस्किटाचा पुडा यायचा तो फक्त आजारी माणसासाठी. बाबा विदर्भातून पुण्यात आलेले, कारखान्यात हंगामी कामगार. बिबवेवाडीत पत्र्याची एक खोली, आणि काम बंद पडलं की दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी आणि तिखट. त्यामुळे ताप आला की मला आनंद व्हायचा, चहात बुडवायला बिस्किट मिळायचं. धाकटा भाऊ तर स्टोव्हपाशी कपाळ शेकून यायचा आणि म्हणायचा, "आई, बघ गं, भाजतंय." बाबा पुड्याला हात लावत नसत. "मले नाई आवडत," म्हणायचे. साफ खोटं.

पुढे मी शिकले. घराण्यातली पहिली पदवीधर, हे मी कुणी न विचारताही सांगते. खराडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली आणि घरात पुडेच पुडे आले. क्रीमची बिस्किटं, खारी, केक. बाबांना काय आवडतं ते तेव्हा कळलं. सगळंच.

आणि नेमकं तेव्हा त्यांचं पोट बिघडलं. फुगायचं, दुखायचं, धावायला लावायचं. वजन उतरलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, गव्हातलं ग्लुटेन यांना चालत नाही, दूधही बंद.

"म्हंजे बिस्किट?" बाबांनी विचारलं.

"बंद."

"खारी?"

"बंद."

"अन् केक?"

"काका, आपण बेकरीत राहता का?"

भाकरी मात्र हवी तेवढी चालणार होती. जिच्यातून मी त्यांना सोडवलं म्हणून मिरवत होते, तीच! मला दवाखान्यातच हसू फुटलं. आईने चिमटा काढला.

खरी पंचाईत वेगळी होती. गावाकडे आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि तिला मामा एकच, आमचे बाबा. नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं. पण बाबा निघायलाच तयार होईनात.

"रात्रभराची बस. वाटेत पोट बिघडलं तं? अन् मांडवात बिघडलं तं? नवरीले अर्ध्यात सोडून पळू काय मी?"

"भाकरी बांधून देते," आई म्हणाली.

"लग्नाले जातो का वावरात निंदणाले? मले कुरकुरीत पायजे. पुड्यातलं."

मग मी कामाला लागले. एका वेळी एकच पुडा, तोही शनिवारी सकाळी. बाबा खायचे आणि आम्ही तिघं समोर बसून त्यांच्या पोटाकडे बघायचो.

"अवो, असे टक लावून पाहू नका. लाजते ते."

पहिली आली महागडी 'ग्लुटेन फ्री' बिस्किटं. पुढे ही एवढाली अक्षरं, आणि मागे चिकटवलेल्या घडीत मुंगीएवढ्या अक्षरांत दुधाची भुकटी. मी घडी सोडवेपर्यंत बाबांचा अर्धा पुडा झाला होता. संध्याकाळभर बाथरूम त्यांचंच. पुढच्या शनिवारी पोह्यांचा चिवडा. गहू नाही, दूध नाही, मी तीनदा वाचलं. दुपारपर्यंत काही नाही, भावाने तर बाबांना धरून नाचवलं. आणि नाचता नाचताच बाबा थांबले. "सोड रे. सोड, सोड!"

चिवड्यात होतं तरी काय? हिंग. मी आमचीच हिंगाची डबी फिरवून वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं!

"म्हंजे वरणातूनबी तूच मले मारत होती," बाबा आईला म्हणाले.

"एवढी वर्षं मारतेय, मेलात का?" आई म्हणाली.

गहू नको, हिंग नको, दूध नको. मंडईत भाजी घेताना ते डोक्यात घोळत होतं, तेवढ्यात शेजारच्या दुकानातली उपवासाची फळी दिसली. बटाट्याचा चिवडा, गुळातली राजगिऱ्याची चिक्की. उपवासाला गहू नाही की हिंग नाही! मी दुकानदारांना विचारलं, "अहो, चिवड्याची कढई वेगळी असते ना?"

"उपवासाच्या कढईत दुसरं काही तळलं, तर आमच्या मातोश्री मला तळतील. घ्यायचंय, की नुसती चौकशी?"

दूध कशातच नसल्याची खात्री करून मी पिशवीभर घेतलं. शनिवारी चिवडा, पुढच्या शनिवारी चिक्की. आम्ही बघत बसलो. पोट गप्प. रविवार गेला, सोमवार गेला, गप्प! बाबा रोज चहाच्या काळ्या पाण्याबरोबर चिवडा खाऊ लागले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काका, आज कोणता उपवास?" जन्मात एक उपवास न केलेला हा माणूस गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आमचा बारमाही असते." काकू चक्क वाकून पाया पडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

लग्नाला बाबा एकटेच गेले, आणि तिथेही त्यांनी तेच चालवलं. मामाने जिलबी नाकारली तर केवढा रुसवा झाला असता. "उपवास हाये," म्हटल्यावर आग्रह बंद, उलट व्याह्यांनी त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. परतल्यावर बाबा हे सगळं उभं राहून, हातवारे करून सांगत होते आणि आम्ही जमिनीवर लोळून हसत होतो.

बाबांनी भाचीला बोहल्यावर आणलं, अक्षता संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहिले, आणि जाता-येता त्यांचं पोट एकदाही दुखलं नाही.