तिसऱ्या रांगेतली गाणारी आणि शूऽताई

आमच्या नाट्यगृहात तिला तिच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे शूऽताईच म्हणायचे, अगदी मॅनेजरसुद्धा, आणि तिला ते ठाऊक होतं. ती डोअरकीपर. दारावर तिकिटं फाडायची, अंधारात बॅटरी दाखवत लोकांना खुर्चीपर्यंत न्यायची आणि एकदा पडदा वर गेला की कोणाला चकार शब्द काढू द्यायची नाही. मोबाईल वाजू दे, पिशवी कुरकुरू दे, कोणी शेजारणीच्या कानाशी लागू दे, ही मागून हजर. एकदा एका बड्या पाहुण्याला मोठ्याने जांभई दिली म्हणून तिने टोकलं होतं. मॅनेजरचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता.

मी तिकिटाच्या खिडकीत बसते. माझं काम दिवसभर बोलायचं आणि तिचं लोकांना गप्प करायचं, तरी आमचं पटायचं. म्हणजे मी बोलायचे आणि ती ऐकायची, याला पटणं म्हणत असतील तर.

घरी ती एकटीच. लग्न केलं नाही. का नाही ते विचारायची माझी छाती झाली नाही, आणि मी काही विचारायला कचरणारी बाई नव्हे. आई होती, तीही गेली. आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली. मग एकच आवाज उरला, नाकातून, लांबलचक. "अंऽऽ." तो आला की ताई उठायची. उशी सरळ करून बघायची, खिडकी उघडून बघायची, चादर बदलायची, गोळ्या आणायची, भांडं द्यायची. आवाज थांबायचा नाही. ही स्वयंपाकघरात गेली की आणखी वाढायचा. डॉक्टर म्हणाले, त्या आवाजाला काही अर्थ नाही, मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांना सांगायला काय जातं.

आई गेल्यावर ताई खेळाच्या खूप आधीच येऊन बसायला लागली. रिकाम्या प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत डबा उघडायची. मी विचारलं, घरी खाऊन का येत नाहीस, तर म्हणाली, घरी घास गिळल्याचासुद्धा आवाज येतो. आणि चहा पिता पिता, मी भलतंच काही बोलत असताना, मधेच विचारायची, "ती काय मागत असेल गं?"

मी काय सांगणार? सुरुवातीला मी अंदाज करायचे. तहान असेल, पाठ दुखत असेल, भावाला बघायचं असेल. प्रत्येकावर ती मान हलवायची. हे करून झालं, ते करून झालं, भावालाही बोलावून झालं. पुढे पुढे तो प्रश्न आला की मी विषय बदलायला लागले. खरं सांगते, माझे कान किटले होते. पण तिचा जीव तिथेच अडकला होता. आईने एवढं मागितलं आणि आपल्याला ते देता आलं नाही, यापलीकडे तिला काही सुचतच नव्हतं.

अशात तो कार्यक्रम आला. प्रायोगिक संगीत. पाटीवर एवढंच. खिडकीत येणारा जो तो विचारायचा, गाणं आहे का वाजवणं? मी ठोकून द्यायचे की बघितल्याशिवाय कळणार नाही. मला तरी कुठे कळलं होतं? तिकिटं अशी तशीच गेली. खिडकी लवकर बंद केली आणि म्हटलं, बघू या तरी काय थेर आहेत. आत जाऊन मागच्या दाराशी ताईच्या शेजारी उभी राहिले.

आता यात मॅनेजरची कमाल सांगायला हवी. गाणारे रंगमंचावर येणार नव्हते. ते साध्या कपड्यांत, तिकिटं घेऊन, लोकांमध्येच बसणार होते आणि तिथूनच आवाज काढणार होते. हे त्याला आधी सांगून ठेवलेलं होतं. पण एसी बिघडला, तो मिस्त्रीच्या मागे धावला आणि दारावरच्या माणसांना सांगायचं साफ विसरला.

दिवे मंद झाले. रंगमंच रिकामा. लोक वाट बघतायत. मग कुठूनसा कोणी श्वास सोडल्याचा आवाज आला, लांब. दुसरीकडे कोणी तोंड मिटून गुणगुणल्यासारखं केलं. उजवीकडे जिभेची टकटक. लोक माना वळवायला लागले आणि माझ्या शेजारची बॅटरी पेटली.

टकटक करणाऱ्या गृहस्थाला तिने पहिल्यांदा गाठलं. "शूऽ." तो बिचारा सभ्य, एवढा दचकला की खरंच गप्प बसला. मला हसू आवरेना. मग ती गुणगुणणाऱ्या मुलीकडे गेली, तीही थांबली. बाईने अर्धी मैफल एकटीने बंद पाडली असती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून तो आवाज आला. नाकातून, लांबलचक. "अंऽऽ."

मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, नुसता ताईच्या तोंडून ऐकून माहीत होता. तरी मी तो लगेच ओळखला. ताई जागच्या जागी थांबली. मग भराभर तिकडे गेली. पिकल्या केसांची एक बाई बसली होती, मांडीवर पर्स, चारचौघींसारखी. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून म्हणाली, शूऽ. पण तो नेहमीचा दरडावणारा शूऽ नव्हता.

बाई थांबली नाही. तिने खांद्यावरचा हात धरला, ताईकडे बघितलं आणि आवाज वाढवला. ताईने हात सोडवून घेतला नाही. थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली आणि मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली. खेळ चालू असताना ती बसली, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बॅटरी तिच्या मांडीवर तशीच पेटलेली होती.

गप्प केलेले दोघे पुन्हा सुरू झाले. मग आणखी कुठून कुठून आवाज उठले, खर्जातले, चिरके, कण्हल्यासारखे, आणि सगळं प्रेक्षागृह भरून गेलं. मला ते गाणं वाटलं नाही, आजही वाटत नाही. ना सूर ना ताल ना शब्द. पण मी तिथून हलले नाही. आपल्याला कोणी हाक मारतंय आणि आपण ओ देत नाही, असं काहीतरी वाटत राहिलं आणि फार एकटं वाटलं. माझं घर माणसांनी भरलेलं आहे, तरी वाटलं.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. मॅनेजर माफी मागायला धावत आला, तर कार्यक्रम बसवणारा उलट खूश, म्हणे बॅटरीचा उजेड फिरला ते फारच छान झालं. मॅनेजरने लगेच ते श्रेय खिशात टाकलं. ताईचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. ती बाई थर्मासमधलं गरम पाणी पीत होती. ताई तिच्यासमोर उभी राहिली आणि मला विचारायची तोच प्रश्न तिने त्या बाईलाही विचारला.

"तुम्ही काय मागत होता?"

बाईला काही कळलं नाही. तिला काय माहीत कोणाची आई न् कसलं काय. ती जरा विचार करून, अगदी साधेपणाने म्हणाली, "मागत काहीच नव्हते. तुम्ही शेजारी आलात, तुम्हाला ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला. बसलात, तेव्हा बरं वाटलं."

एवढं बोलून पर्स उचलून ती निघून गेली. मला तिचा असा राग आला! अर्धांग झालेली म्हातारी वेगळी आणि गळा तयार केलेली गाणारी वेगळी. तिच्या बोलण्यावरून आईच्या मनातलं कसं ठरवायचं? हे सगळं मी ताईला तावातावाने सांगितलं. लोक निघून गेले, झाडूवाला पुढच्या रांगा झाडायला लागला, तरी मी सांगतच होते. ती तिसऱ्या रांगेतच बसलेली.

"मी दर वेळी उठून जायचे," ती म्हणाली. "तिने आवाज दिला की मी उठायचे. एकदाही बसून राहिले नाही."

आणि ती रडायला लागली, तोंड मिटून, आवाज न करता. अशा वेळी माणूस करतं तेच मी केलं. थांब, पाणी आणते, असं म्हणून लगबगीने उठले.

तिने माझा पदर धरला.

"पाणी नको," ती म्हणाली. "तू बस."