वरचा शब्द

हे लिहिणारच नव्हते. केसरने दमच दिला होता, "माज्यावर कायबाय लिवलंस तर दारात पाय ठेवू देनार न्हाय." पण पावसाआधीची मुंबईची शेवटची बोट सुटायला आता फार दिवस नाहीत आणि मला गप्प राहवत नाहीये, म्हणून एका बैठकीत धडाधडा टाइप करून टाकतेय. चुका असतील तर असू देत.

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात केसरला निवांत बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. जेवतानासुद्धा तिचा एक गुडघा उभाच, जणू कुणी हाक मारली तर ताटावरून तशीच पळेल. मॅट्रिक झाली, कोळीवाड्यातली पहिली मुलगी, आणि त्याच वर्षी तिच्या आईला, सोनूबाईला, गुडघ्यांनी धरलं. मासळीची टोपली केसरच्या डोक्यावर आली ती आलीच.

टोपली नकोशी होती असं नाही. तिला डाचायचं वेगळंच. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस किनाऱ्यावर यायचा, भाव सांगायचा, बर्फात मासळी भरून न्यायचा, आणि आपली माणसं माना हलवायची. मच्छीमार सोसायटीचा मॅनेजरही मुंबईहूनच यायचा. नाकाला रुमाल लावून चार महिने काढायचा आणि बदली मागायचा. असा तिसरा गेला तेव्हा केसर सोसायटीच्या चेअरमनसमोर जाऊन उभी राहिली. चेअरमन म्हणजे तिचा सख्खा काका, तुकाराम.

"मला करा मॅनेजर."

काका हसला. "तितं कोर्स केलेला मानूस लागतो गो. इंग्रजीत बोलनारा. तू बोंबील विक."

त्या दिवसापासून तिची झोप उडाली. टोपली घेऊन ती चालेनाशी झाली, पळायलाच लागली.

मोहल्ल्यात तिचं एक गिऱ्हाईक होतं, फिरोजाभाभी. माहेर मुंबईचं, शिक्षण इंग्रजी शाळेतलं, नवरा करमअली जहाजावर, वर्षातून एकदा घरी यायचा. भाभीनेच आपल्या भावाकडून मुंबईतली सगळी चौकशी केली. धंद्याच्या व्यवस्थापनाचा कोर्स होता, मॅट्रिक आणि धंद्याचा अनुभव एवढं चालत होतं, पण आधी प्रवेश परीक्षा. आणि तिच्यात निम्मा पेपर इंग्रजी शब्दांचा. अर्थ सांगा, उलट शब्द सांगा, वाक्यात बसवा.

"अनुभव हाय," केसर म्हणाली. "शब्द न्हायत."

आता आपल्याकडे मासळी घेतली की वर काहीतरी टाकायचंच. वाटा घेतल्यावर दोन मांदेली तरी वर पडल्याशिवाय कुठली बाई ताट उचलत नाही. भाभी म्हणाली, "उद्यापासून तू वर काही टाकू नकोस. वर मी टाकीन. रोज एक शब्द."

ठरलं तर झकास. पण शब्द टिकेनात. भाभीच्या दारात पाठ, मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत निम्मा, बाजारात पोहोचेपर्यंत टोपलीत नुसती मासळी. केसर रडकुंडीला आली. एकदा दारात उभी राहून, टोपली या कमरेवरून त्या कमरेवर करत कालचा शब्द आठवत होती, तेव्हा भाभीने कपाळाला हात लावला.

"तू कशी आहेस सांगू? रेस्टलेस."

"म्हंजे?"

"म्हंजे तू."

तो शब्द मात्र बाजारातही आठवला, घरी आल्यावरही आठवला. आणि केसरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की शब्दाला माणूस लागतो.

मग काय, रोजच्या गिऱ्हाइकांच्या अख्ख्या गल्लीला तिने शब्द वाटले. ठमाबाईंच्या दारात गेली की त्या सुरमईचे कल्ले उघडून बघणार, ताजी दिसली तरी नाही म्हणजे नाही म्हणणार. ठमाबाई म्हणजे ऑब्स्टिनेट. भागुबाई नारळाच्या शेंडीचासुद्धा हिशेब ठेवणार, त्या फ्रुगल. शिवदास वाण्याने जन्मात मासळीला हात लावला नव्हता, उलट केसर दिसली की उदबत्ती पेटवायचा. तो अब्स्टेन, दूर राहणे. दारात पाय ठेवताना ती तो शब्द हळूच पुटपुटायची, देवाचं नाव घ्यावं तसा. रोज गल्ली फिरली की रोज उजळणी.

घात केला आईने, आणि तोही कौतुकाने. विहिरीवर सोनूबाई फुशारकीने बोलून गेली, "माज्या केसरनं तुमा सगळ्यांना एकेक विंग्रजी शब्द दिलाय. त्याच्यावर परीक्षा पास होनार ती."

दुसऱ्या दिवशी ठमाबाईंचं दार बंद. भागुबाईंची सून दारातूनच म्हणाली, "सासूबाई म्हणतात, आम्हाला शिव्या देणारीची मासळी नको." गल्लीच्या टोकापर्यंत हेच. भरली टोपली घेऊन केसर परत आली आणि मासळीला मीठ लावत बसली. तिला मासळीचं एवढं वाटलं नाही, ती शब्दांसाठी घाबरली. माणसं दिसेनाशी झाली तसे शब्द निसटायला लागले. परीक्षा तोंडावर आलेली. रात्री पडल्या पडल्या गल्ली डोळ्यांसमोर आणायची, तर नुसती बंद दारं दिसायची.

भाभी म्हणाली, "जाऊन सांग त्यांना. चोरून दिलेली चीज कुणाला आवडेल?"

म्हणून ती गेली. भरली टोपली घेऊनच गेली. ठमाबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"काय म्हणतेस गं तू मला?"

"ऑब्स्टिनेट."

"मराठीत बोल."

"हट्टी. एकदा न्हाय म्हनलं की ब्रह्मदेव आला तरी न्हाय."

आतून ठमाबाईंच्या सुनेला हसू फुटलं. "गप गं तू," म्हणत त्यांनी दार सगळं उघडलं. "खोटं नाही सांगितलंस. सुरमई ताजी आहे का?"

भागुबाई एवढ्यावर ऐकणाऱ्या नव्हत्या. "फ्रुगल म्हणजे कंजूस ना?"

"न्हाय मावशी, काटकसरी. कंजूस येगळा. तो अजून कुनाला दिला न्हाय."

"मला नको हा. शिळा वाटतो. दुसरा दाखव."

केसरने थ्रिफ्टी दाखवला. भागुबाईंनी नाक मुरडलं. "हा त्याचाच भाऊ दिसतो." शेवटी प्रुडंट पसंत पडला, पुढचं बघून शहाणपणाने वागणारी. तोंडात दोनदा घोळवून बघितला, मग ताट पुढे केलं. "बरा आहे. आणि वर?"

"वर काय?"

"वर एक टाक की. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक मी."

झालं. गल्लीत बातमी फिरली आणि जी ती ताट घेऊन दारात. मला चांगला दे, तिला दिलास त्यापेक्षा मोठा दे, वर माझ्या जावेसाठी एक दे, पण तो जरा वाईट दे. केसरकडचा साठा संपला. टोपली ठमाबाईंच्या ओट्यावर टाकून ती मोहल्ल्यात पळाली, शब्द घेऊन आली, परत पळाली. भाभी डिक्शनरी चाळून चाळून घामाघूम. "या अल्ला, सगळं गाव शिकवायला बसलेय का मी?" पण हसत होती. मग एकदम थांबली आणि विचारलं, "आणि मी कोण गं?"

केसर खाली बघत म्हणाली, "तुमच्यावर एकबी बसत न्हाय, भाभी. लावून बघते, तोकडाच पडतो."

"मग शोध. आळशीपणा नको."

वडील विठोबा तिला बोटीने मुंबईला घेऊन गेले. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या पोराने मासळीचा वास आला म्हणून खुर्ची सरकवली. शिवदास वाणी आठवला, आणि पेपर उघडला तर अब्स्टेन समोरच. पुढच्या ओळीत ऑब्स्टिनेटचा उलट शब्द विचारलेला. तिने गल्लीभर माणूस शोधला, सापडेना. मग किनाऱ्यावर तुकारामकाका दिसला, व्यापाऱ्यापुढे मान हलवताना. यील्डिंग, नमतं घेणारा. तिने लिहून टाकलं. टेबलाखाली पाय मात्र शेवटपर्यंत हलत होता.

पास झाली. जागा मिळाली. सोनूबाई डोळे पुसत म्हणाली, "मग टोपली कोन उचलनार?" काकाने मॅनेजर करण्याचा शब्द दिला नाही, पण हसलाही नाही. "करून तर ये," एवढंच म्हणाला. आणि ठमाबाईंनी जाहीर करून टाकलं, "दुसरीची मासळी माझ्या घरात येणार नाही. परत येईपर्यंत थांबेन. मी ऑब्स्टिनेट आहे."

केसर आता रोज फिरतेय, पहिल्यापेक्षा जास्त भराभरा. मॅनेजर होईल की नाही याने तिचा जीव नुसता वरखाली होतोय. आणि भाभीचा शब्द अजून मिळालेला नाही, तो दिल्याशिवाय बोटीत पाय ठेवणार नाही म्हणते.

म्हणून सांगते, श्रीवर्धनला जा आणि केसरला भेटून या. पाऊस लागला की बोट बंद, त्याआधी तिला निघायचंय. सकाळीच गेलात तर ती मोहल्ल्याच्या वाटेवर भेटेल. थांबवू नका, ती थांबत नाही, तिच्याबरोबर चाला. वाटाभर मासळी घ्या. आणि फिरोजाभाभीवर बसेल असा एखादा शब्द तुमच्याकडे असला तर या वेळी तुम्ही वर टाका.