सुलभाताईंचा सोमवार

सकाळी अकरा वाजता माझी रिक्षा सिग्नलला थांबली, तेव्हा कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी सुलभाताई मटाराची एकेक शेंग निवडून घेताना दिसल्या. मला ऑफिसला उशीर झाला होता.

त्याच ऑफिसातली नोकरी त्यांनी सेहेचाळिसाव्या वर्षी सोडली. दरवर्षी पगारवाढ झाली की त्या आम्हाला पेढे वाटायच्या आणि वाढलेले पैसे जसेच्या तसे म्युच्युअल फंडात टाकायच्या. "वाढ झालीच नाही असं समजायचं," म्हणायच्या. आम्ही हसायचो आणि नवे फोन घ्यायचो. त्या अशा निवांत सकाळींची साठवण करत होत्या, हे पेढे खाताना कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मला पाहून त्या रिक्षापाशी आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "अगं, आज वार कोणता?"

"सोमवार," मी सांगितलं. मला तो रविवारी दुपारपासूनच जाणवत होता.