नकाशात नसलेलं वाचनालय

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ‘कम्युनिकेशन स्किल्स’ नावाचा विषय आला तेव्हा मला त्याच्या नावाचाच राग आला. माणसांनी भांडू नये म्हणून त्यांना गोड बोलायला शिकवायचं, एवढाच या विषयाचा हेतू असणार, असं माझं ठाम मत होतं. आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नव्हती. आजोबा संपाच्या काळात पत्रकं लिहायचे, बाबा गिरणी कामगारांच्या घरांसाठी लिहितात. माझी शाळेतली पोळी उरलेल्या पत्रकात गुंडाळलेली असायची. ‘कमळ’च्या आधी मला ‘निषेध’ वाचता येत होता.

त्याच वर्षी आमच्या लालबागच्या चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा आला. बाबांनी तो जेवणानंतर फरशीवर पसरला. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गाड्या होत्या, जिम होती, सोसायटीचं ऑफिस होतं. वाचनालय नव्हतं. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली ती जागा, लांब टेबल आणि कुरकुरणारा पंखा. ज्या घरात पाच माणसं एकाच खोलीत झोपतात तिथल्या मुलांनी अभ्यास करायचा कुठे, याचं आमच्या चाळीने स्वतः शोधलेलं ते उत्तर होतं. माझी दहावी-बारावी त्याच टेबलावर झाली. आता ते टेबल इमारतीबरोबर पाडणार आणि नव्या नकाशात त्याला जागाच नाही.

महिनाअखेरच्या रविवारी नकाशाच्या मंजुरीची सभा होती. कुणी हरकत घेतली नाही तर तो तसाच पुढे जाणार होता. सभेला नेहमीची पाच-सहा डोकी येतात. बाबा उभे राहिले की सेक्रेटरी म्हणतात, “तुमचा निषेध नोंदवला,” आणि पुढचा विषय घेतात.

आमच्या गिरगावच्या कॉलेजात शिकवणारी माणसं कमी, म्हणून कलेचा इतिहास आणि डिझाइन हे दोन्ही विषय एकाच मॅडमकडे होते. त्यांनी काम दिलं: आपल्या वस्तीच्या खऱ्या गरजेसाठी पोस्टर करा. मला वेगळा विषय शोधायची गरजच नव्हती. क्रीम रंगाच्या जाड कागदावर मी एक रिकामी खुर्ची काढली. भोवती भरपूर मोकळी जागा सोडली. खाली बारीक, सडसडीत अक्षरांत एकच ओळ लिहिली: ‘इथे कुणीतरी वाचत होतं.’ कोपऱ्यात सभेची तारीख. मॅडम म्हणाल्या, “देखणं झालंय.” मी ते चाळीच्या जिन्याजवळच्या फलकावर लावलं आणि क्रांतीची वाट बघू लागले.

कम्युनिकेशनच्या सरांची एक सवय होती. ते कधी ‘कळलं का?’ असं विचारत नसत, कारण त्यावर सगळेच हो म्हणतात. ते ‘काय कळलं?’ असं विचारत. या प्रश्नाने काही साधत नाही हे दाखवून सरांची फजिती करावी म्हणूनच मी तो प्रश्न शेजारच्या मालवणी काकूंवर वापरून पाहिला.

“काकू, जिन्याजवळचं पोस्टर बघितलंत? काय कळलं?”

“खुर्चीचा मा? बघलंय. टू बीएचके कितक्याक म्हणतत?”

तिसऱ्या मजल्यावरच्या दादाने तशी खुर्ची कुठे मिळेल ते विचारलं. दोन घरांत ते पोस्टर इंटिरियरवाल्याचं ठरलं होतं. आणि चूक त्यांची नव्हती. आमच्या भागात जाड, गुळगुळीत कागदावर मोकळ्या जागेत एकच हळवी ओळ लिहून फक्त बिल्डर बोलतात. मी त्यांच्याच आवाजात बोलले होते.

बाबांना हसू आवरेना. “लोकांना सरळ सांगावं लागतं,” म्हणत त्यांनी आपल्या पत्रकाचा मसुदा दिला. पातळ गुलाबी कागद, दोन्ही बाजू गच्च भरलेल्या. तोही मी काकूंकडे नेला. त्यांनी तो न बघताच डब्याखाली सारला.

“तुझ्या बापाशीचा ना? वाचूक कशाक व्हया? माका म्हायत आसा.”

“काय लिहिलंय, सांगा बघू.”

“निषेध,” काकू म्हणाल्या.

हे मी बाबांना सांगितलं नाही.

त्या आठवड्यात मॅडमनी वर्गात लेण्यातलं एक भित्तिचित्र दाखवलं. पुस्तकात ते चित्र आपल्याला एका नजरेत दिसतं, त्या म्हणाल्या, पण ते काढणाऱ्याला ठाऊक होतं की बघणारा दिवा हातात धरून, अंधारात चालत येणार आहे. त्याला एका वेळी एकच तुकडा दिसणार. मग त्यांनी दिवे लावले आणि विचारलं, “तुमच्या चित्रासमोरचा माणूस कुठे उभा असतो?”

मला आमचा जिना आठवला. तिथे कुणीच उभं नसतं. हातात पिशव्या घेऊन सगळे धापा टाकत वर जातात. चाळीत माणसं उभी राहतात ती खाली, पिठाच्या गिरणीपाशी. दळण होईपर्यंत पीठ अंगावर घेत समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत बसायचं.

मी तळमजल्याचा नकाशाच पुन्हा काढला, जाड मार्करने, सगळ्यांना वाचता येईल असा. इंग्रजी खुणांच्या जागी मराठीत लिहिलं: गाडी, गाडी, गाडी, जिम, ऑफिस, गाडी. आणि खाली: ‘यात आपलं वाचनालय शोधा. सापडलं नाही तर रविवारी सभेला या.’

मॅडमनी बराच वेळ बघितलं. “मागचं जास्त देखणं होतं.”

“हो मॅडम. ते बघून लोक फ्लॅटचा भाव विचारायला लागले.”

वर्ग हसला, त्याही हसल्या. बाबा मात्र नाराज होते.

“यात राग कुठे आहे?”

“राग त्यांना येऊ दे ना, बाबा.”

त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, “वेळ आणि ठिकाण मोठ्या अक्षरात कर. पत्रकात लोक तेच शोधतात.” ते बरोबर होतं, म्हणून मी केलं. झेरॉक्स काढायला ते स्वतः बरोबर आले, आणि कागद त्यांचा नेहमीचा, पातळ, गुलाबी. पहिली प्रत आम्ही पिठाच्या गिरणीसमोरच्या कोऱ्या भिंतीवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी मी दळणाचं निमित्त करून गिरणीपाशी उभी राहिले. दोन माणसं भिंतीवर बोट फिरवत होती.

“हे काय?”

“गाडी.”

“आणि हे?”

“गाडीच. आपल्यात गाडी आहे कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

“तुझी टॅक्सी, ती रस्त्यावर झोपते. वाचनालय कुठाय?”

“शोध, लिहिलंय ना.”

“नाहीये रे.”

“नीट बघ. असं कसं नसेल?”

काय कळलं, हे त्यांना विचारायची गरज उरली नव्हती.

रविवारी मंडळाच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. तरुण आर्किटेक्टने नकाशा उलगडला. तो समजावून सांगायच्या आत काकूंनी त्यावर बोट ठेवलं. “हय गाडयो कशाक? हय वाचनालय होया.” मागून पोरं ओरडली, “जिमला हात लावायचा नाही हां.” कुणीतरी म्हणालं, “आधी दहावी पास हो, मग दंड फुगव.” सेक्रेटरी दोनदा पुढच्या विषयाकडे वळले, पण त्यांचं कुणी ऐकेना. माझं भाषण तयार होतं. मी उठणार तेवढ्यात बाबांनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

“बस. चाललंय ते.”

गाड्यांची एक रांग कमी करून नकाशा पुन्हा सभेपुढे आणायचा, असं ठरलं. तो मंजूर होईल की नाही हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण आर्किटेक्ट पेन्सिल काढून बसला आणि खरं भांडण तिथे सुरू झालं. खिडकी रस्त्याकडे नको, हॉर्न वाजतात. मागेही नको, कचऱ्याची गाडी तिथेच येते. दार वेगळं हवं, जिमचं गाणं आत यायला नको. तो काढत होता, खोडत होता, पुन्हा काढत होता.

“टेबल केवढं हवं?” त्याने विचारलं.

यंदा दहावीला असलेल्या दोन मुली उठल्या, टेबलाची टोकं धरावीत तसे हात पसरून एकमेकींपासून मागे मागे सरकत गेल्या, आणि लोकांनी त्यांना वाट करून दिली.