खंडेनवमीचं सर्व्हिसिंग

दिलीपराव घोलपांचा राग नाकावर असतो असं नातेवाईक म्हणत, पण ते अर्धसत्य होतं. राग असायचा उजव्या हातात. डोक्याला कळायच्या आत हात चाललेला असायचा. भोसरीच्या कारखान्यात त्यांनी फोरमनचा जबडा हलवला आणि नोकरी घालवली. म्हणून तर ते सिंगापूरला आले, सेम्बावांगच्या शिपयार्डात जहाजांची डिझेल इंजिनं उघडायला. तिथेही एका वेल्डरने न विचारता त्यांचा पाना उचलला, तर यांनी त्याला शिडीवरून पाय धरून खाली ओढला. बिचाऱ्याचे पुढचे दोन दात शिडीलाच राहिले.

घरी बायको उल्का आणि मुलगा अनीश. ‘बायकोवर मी कधी हात टाकला नाही,’ असं दिलीपराव छाती फुगवून सांगत, जणू काही सरकारने त्याबद्दल पदक द्यावं. ताटं मात्र भिंतीवर फुटत. आणि अनीशला त्याच्या वाटणीचं मिळे, शिवाय आईच्या वाटणीचंही मिळे. खाण तशी माती म्हणतात, पण अनीश आईवर गेला यावर सगळ्यांचं एकमत होतं. बँकेतला शांत माणूस, कधी आवाज चढवायचा नाही. लग्न झाल्यावर त्याने बेडोकला फ्लॅट घेतला. बेटाच्या या टोकाला बाप आणि त्या टोकाला लेक, याहून लांब राहायची सोय या देशात नाही.

मागच्या दसऱ्याला सगळे त्या फ्लॅटवर जेवायला बसले होते. उल्काने मीठ जास्त झालं का म्हणून विचारलं आणि दिलीपराव तिच्यावर खेकसले. अनीश एवढंच म्हणाला, “बाबा, आईशी हळू बोला.” पुढच्या क्षणी त्याच्या कानाखाली आवाज निघाला. चष्मा उडाला तो समोर बसलेल्या गार्गीच्या श्रीखंडात पडला. चार वर्षांची नात. तिने तेव्हापासून श्रीखंड तोंडात घेतलेलं नाही.

अनीशने चष्मा धुतला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बापाला दार उघडून दिलं. “दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत,” तो म्हणाला. “वर्षभरात कुणावरही हात उचलला नाही, तरच गार्गी भेटेल. एकदा जरी उचललात, तर तिला आजोबा नाहीत असं मी सांगेन.”

आणि काय सांगावं, या माणसाने वर्ष काढलं. राग आला की दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरून ठेवायचं, अशी एक युक्ती त्यांनी स्वतःच शोधली. एमआरटी ट्रेनमध्ये खांब धरला, लिफ्टमध्ये कठडा धरला. उल्काच्या केटरिंगची डिझेल पिकअप एकाने कार पार्कमध्ये घासली, तेव्हा स्टिअरिंग असं आवळलं की दोन दिवस बोटं वाकत नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जळत नव्हता, पण तो दिसू द्यायचा नाही एवढं ते शिकले. अठ्ठावन्नाव्या वर्षी का होईना, शिकले.

यंदाची खंडेनवमी शनिवारी आली. उल्काने अनीशची समजूत घातली होती. गार्गीला पिकअपच्या मागच्या हौद्यात बसायला फार आवडायचं. तेव्हा तिला घेऊन अनीशने थेट वर्कशॉपमध्ये यावं, गाडीची पूजा बघावी, आणि दुसऱ्या दिवशी दसरा एकत्र करावा. अनीश ‘बरं’ म्हणाला. त्या एका ‘बरं’साठी दिलीपरावांनी आदल्या दिवशी केस कापून घेतले.

वर्कशॉप लिमचं. लिम साठीचा, बुटका, तोंडाने फाटका, वाक्याच्या शेवटी ‘लाह’ जोडणारा सिंगापुरी चिनी. शिपयार्डात दोघं एकत्र होते. दोघांची मैत्री म्हणजे वीस वर्षं एकमेकांना घातलेल्या शिव्या. दर खंडेनवमीला सकाळी पिकअपचं सर्व्हिसिंग व्हायचं, मग दिलीपराव स्वतःचे आणि लिमचे सगळे पाने, जॅक, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, हळद-कुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. लिमच्या भिंतीवर त्याचाही एक देव होता, लाल तोंडाचा, हातात भलं मोठं पातं घेतलेला. “माझा देव पण तुझ्यासारखा, अँग्री मॅन लाह,” असं म्हणून लिमने हा नियम कधीच मान्य करून टाकला होता.

त्या सकाळी ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर बदलला, ब्रेक काढून साफ केले. मग पूजा झाली. तेलकट हातांवर कुंकू बसलं की ते साबणालाही दाद देत नाही. दिलीपरावांचे हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते. ते तसेच ठेवून दिलीपराव रस्त्याकडे डोळे लावून बसले.

अनीशच्या आधी एक डिलिव्हरीवाला आला. आडदांड गडी, घामाने भिजलेला. त्याची व्हॅन लिमकडे उभी होती, एक चाक काढलेलं. चाक चढवायचं आणि नट आवळायचे, एवढंच काम. लिम म्हणाला, “उद्या. आज टूल्स हॉलिडे.”

“मला आत्ता हवीय. माझी पोटापाण्याची गाडी आहे.”

लिमने दिलीपरावांकडे पाहिलं. त्याची नजर सांगत होती की, पाच मिनिटांचं काम आहे, करून टाकू या. दिलीपरावांनी मान हलवली. “पूजेला मांडलंय. उठवायचं नाही.”

हे दिलीपरावांचं चुकलंच. देवाने काही तक्रार केली नसती. पण वर्षभर राग गिळलेल्या माणसाकडे हट्ट तेवढा उरतो, आणि तो त्यांनी नेमका तिथे वापरला.

त्या गड्याने पाटावरचा चाकाचा पाना उचलला. झेंडूची फुलं घरंगळली. लिम आडवा गेला तर त्याने लिमच्या छातीत असा धक्का मारला की म्हातारा टायरांच्या चळतीवर आपटून खाली आला आणि वरचे टायर त्याच्या अंगावर कोसळले. लिमच्या कपाळातून रक्ताची धार लागली. गड्याने आता हातातला पाना उगारला.

दिलीपरावांच्या उजव्या खांद्यात ती जुनी कळ उठली. त्या माणसाची हनुवटी त्यांना दिसली, ती कुठे मारली की माणूस कोसळतो हेही दिसलं. आणि त्याच वेळी गार्गी दिसली. ते लिमच्या पुढे जाऊन उभे राहिले, पाठ पिकअपला टेकवली आणि दोन्ही हात मागे नेऊन हौद्याची कड घट्ट धरली.

पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा बरगड्यांवर, आतून काहीतरी कडकन वाजलं. मग त्याने पाना टाकून दिला आणि बुक्क्यांनी सुरुवात केली. नाक फुटलं, ओठ दातांत चिरडला. दिलीपराव उभे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी एवढा मार खाल्ला नव्हता, आणि मार खाणाऱ्याला काय वाटतं हे त्यांना आज पहिल्यांदा समजत होतं. दुखण्याहून लाज जास्त वाटते. आणि समोरचा थांबेल की नाही हे त्याच्याच मर्जीवर असतं. अनीशला असंच वाटत असणार, हा विचार त्यांच्या मनात आला तो बरगडीहून जास्त दुखला.

शेवटी तो गडीच घाबरला. मार खाणारा ओरडत नाही, पळत नाही, हातही वर करत नाही, म्हटल्यावर त्याचा धीर सुटला. व्हॅन तिथेच टाकून तो पळाला.

आणि गार्गीचं बोट धरून अनीश आत आला.

त्याने काय पाहिलं? टायरांखाली रक्ताळलेला लिम. जमिनीवर पडलेला लाल पाना. आणि पिकअपला टेकून धापा टाकणारा बाप, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

“संपलं,” अनीश म्हणाला. “चल, गार्गी.”

“अरे, मी नाही मारलं,” दिलीपराव फुटक्या ओठांनी म्हणाले. “शपथ सांगतो, हात नाही उचलला.”

“तुम्ही कधीच मारलेलं नसतं. दर वेळी दुसऱ्याचंच चुकलेलं असतं.”

तो वळला. दिलीपराव धडपडत मागे धावले आणि त्यांनी त्याची बाही पकडली. पांढऱ्या शर्टावर लाल बोटं उमटली. अनीश गर्रकन वळला आणि त्याने बापाच्या कानाखाली मारली. एकदा मारून थांबला नाही, कॉलर धरून दुसरी मारली. दिलीपराव पिकअपच्या दारावर आदळून खाली बसले. अनीशची मूठ तिसऱ्यांदा वर गेली.

“स्टॉप!” टायरांखालून लिम ओरडला. “ही डोन्ट हिट! दुसऱ्या माणसाने मारलं आम्हाला! युअर फादर फक्त उभा राहिला लाह!”

मूठ वरच राहिली. अनीशने बापाच्या लाल हातांकडे पाहिलं, मग फुलं विस्कटलेल्या पाटाकडे, मग तिथे उपड्या पडलेल्या कुंकवाच्या करंड्याकडे. लहानपणी तोही या पाटापाशी बसत असे. त्याची मूठ खाली आली. तो स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला, जणू तो हात कुणीतरी परक्याच्या अंगावरून काढून त्याला चिकटवला होता.

दिलीपरावांनी गार्गीला शोधलं. ती पिकअपच्या पुढच्या चाकामागे दडली होती. वर्षभर त्यांनी त्या चेहऱ्याची वाट पाहिली होती. पण ती आजोबांकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती. ती नजर दिलीपरावांनी ओळखली. सहा वर्षांच्या अनीशच्या डोळ्यांत त्यांनी ती एकदा पाहिली होती, आणि पाहूनही जेवत राहिले होते.

“पप्पा,” ती हळूच म्हणाली, “हिटिंग फिनिश ऑलरेडी?”

दिलीपरावांना वाटलं, आपण बोलावं. आजोबा घसरून पडले, असं काहीही सांगावं, पोराला वाचवावं. आपल्यासाठी उल्का तीस वर्षं असंच बोलत आली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“तू सांग तिला,” ते अनीशला म्हणाले. “मी तुला कधी सांगितलं नाही.”

अनीश गुडघ्यांवर बसला. चाकाजवळ गेला नाही, जिथे होता तिथेच बसला, दोन्ही हात पाठीमागे घेऊन.

“चुकलं माझं, गार्गी,” तो म्हणाला. “मी मारायला नको होतं.”

गार्गी लगेच बाहेर आली नाही. पुढे बराच वेळ तिघंही तसेच जमिनीवर बसून होते, आणि लिम आपल्या अंगावरचे टायर एकटाच शिव्या देत बाजूला करत होता.